वाचकांचे प्रश्न : गळ, बाडस आणि चढते पाणी

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली, ती म्हणजे मित्रांबरोबर नदीवर जाऊन गळाने मासे धरण्याची. थंडी पडू लागली की माळव्यातल्या माणसाला घाट उतरून नर्मदाकाठच्या निमाडात जाण्याची हुक्की येते, हे त्याचे कारण असावे. पत्रे लांब होती. त्यांतला प्रश्नापुरता भाग येथे ठेवला आहे आणि नावे पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र शाळेपासूनचे, सगळे इंदुरात वाढलेले आणि आता पन्नाशीच्या पुढचे. माझे आजोबा सुट्टीच्या दिवशी बडवाहला जाऊन नर्मदेत गळ टाकीत. त्यांनी धरलेल्या मांडीएवढ्या बाडस माशांच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या होत्या. त्यांच्याच भरवशावर गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोन काठ्या विकत घेतल्या आणि एका रविवारी मोरटक्क्याच्या वरच्या अंगाला, पात्रातल्या एका कोरड्या खडकावर जाऊन बसलो. साडेअकराच्या सुमारास पाणी एकाएकी वाढले. आभाळ निरभ्र होते. गुडघाभर पाण्यातून एकमेकांचे हात धरून काठावर आलो. डब्यांची पिशवी, एक चप्पल आणि एक काठी वाहून गेली. दिवसभराची कमाई म्हणजे बोटभर लांबीचे चार मासे. आमचे काय चुकले? पुन्हा जावे की नाही? जायचे तर कोठे, कधी आणि काय घेऊन जावे? — एक वाचक, इंदूर

उत्तर : जावे की नाही, याचे उत्तर ‘जावे’ असेच आहे. काय चुकले, याचे उत्तर मात्र लांब आहे आणि ते आपल्या आजोबांपासून सुरू करावे लागेल.

आपले आजोबा ज्या नर्मदेत गळ टाकीत तिच्या मुख्य प्रवाहावर एकही मोठे धरण नव्हते. नदी पावसाने चढे आणि उन्हाने उतरे, त्यामुळे माघात कोरडा दिसलेला खडक ज्येष्ठापर्यंत कोरडाच राहणार हा त्यांचा हिशेब बरोबर होता. आज त्याच नदीवर जबलपूरजवळ बरगी, खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागर, त्याच्या खाली ओंकारेश्वर आणि पुढे गुजरातेत सरदार सरोवर अशी धरणांची उतरंड उभी आहे. इंदिरा सागरचे वीजघर १००० मेगावॅटचे आहे, ओंकारेश्वरचे ५२० मेगावॅटचे. पाण्यावर चालणाऱ्या वीजघराचा मोठा गुण असा की विजेची मागणी वाढली की ते काही मिनिटांत चालू करता येते आणि मागणी ओसरली की तसेच थांबवता येते. आणि ते चालू झाले की जनित्रे फिरवून निघालेले पाणी खालच्या पात्रात येते. मोरटक्का ओंकारेश्वरच्या खाली आहे. तेव्हा आपल्या खडकाभोवतीचे पाणी आभाळाकडे पाहून चढले नाही, कोठल्या तरी शहरातल्या विजेच्या मागणीकडे पाहून चढले. रविवारी उशिरा उठलेल्या इंदूरकरांचे गीझर त्यात असतीलच.

पाणी सोडण्यापूर्वी धरणाजवळ भोंगा वाजतो. परंतु नदीच्या दोन वळणांपलीकडे, वारा उलटा असताना, त्यातही पाच मित्र एकाच वेळी बोलत असताना, तो ऐकू येईल यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही, पण या नदीवर जे घडले आहे ते माहीत असावे. देवास जिल्ह्यात नर्मदेकाठी धाराजी नावाचे ठिकाण होते. आता ते ओंकारेश्वरच्या जलाशयात बुडाले आहे. तेथे भूतडी अमावास्येला यात्रा भरत असे. उत्तरेकडच्या पंचांगाची ती चैत्रातली अमावास्या, आपल्या गणनेने फाल्गुनातली, म्हणजे गुढीपाडव्याच्या तोंडावरची. ७ एप्रिल २००५ च्या रात्री यात्रेकरू पात्रात आणि काठावर झोपलेले असताना इंदिरा सागरमधून सोडलेले पाणी आले आणि अनेक माणसे वाहून गेली. एप्रिल महिना होता. पुराची शंका कोणाला येण्याचे कारण नव्हते.

आता आपली चूक सांगतो. पाणी वाढले ही आपली चूक नव्हे. खडक आणि काठ यांच्यामध्ये पाणी असलेल्या जागी आपण बसलात, ही चूक. बसण्याची जागा निवडताना माशांचा विचार दुसरा आणि पाठीमागच्या वाटेचा विचार पहिला करावा. पाठीशी चढण हवी, ती वाट कोरडी हवी आणि तिच्यामध्ये घोटाभर पाण्याची धारसुद्धा नको, कारण पाणी चढते तेव्हा आधी भरतात त्या याच धारा. आपण समोरच्या प्रवाहाकडे पाहत असता आणि पाठीमागचा ओहोळ भरलेला असतो.

एक साधा उपाय मला बडवाहच्या एका केवटाने, म्हणजे होडी आणि जाळे यांवर जगणाऱ्या नावाड्याने, शिकवला. काठाशी, जेथे पाणी वाळूला लागते नेमक्या त्या रेषेवर, एक काटकी रोवायची आणि तिच्यावर पाण्याच्या पातळीला सुरीने खाच करायची. दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे पाहायचे. खाच पाण्याखाली गेली की हातातला मासा कितीही मोठा असो, सामान उचलायचे. आणखीही खुणा असतात. उतरत्या किंवा स्थिर पाण्यात काठच्या दगडांवर ओलसर काळा पट्टा दिसतो. पाणी चढू लागले की तो पट्टा नाहीसा होतो आणि कोरडा, पांढुरका दगड थेट पाण्याला भिडतो. सकाळपासून न दिसलेला पालापाचोळा, फेसाचे पुंजके, काटक्या तरंगत येऊ लागतात. खडकांवरून जाणाऱ्या पाण्याचा खळखळाट मंदावतो, कारण ते खडकच बुडू लागलेले असतात. नदी गप्प झाली की उठायचे, असे तो केवट म्हणत असे. पाचांपैकी एकाने आळीपाळीने काटकीची राखण करावी. ज्याच्या गळाला काहीच लागत नाही असा एक मित्र प्रत्येक टोळक्यात असतोच.

बाडसांकडे वळू. हा मासा म्हणजे महासीर. महाराष्ट्रातल्या नद्यांत त्याच्या भाऊबंदांना खडशी म्हणतात. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा केले, आणि एखाद्या प्राण्याला असा मान मिळतो तेव्हा त्याची स्थिती बहुधा चांगली नसते. १९६० च्या दशकातल्या पाहण्यांत नर्मदेतल्या एकूण मासळीत बाडसांचा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास होता, त्यामुळे आपल्या आजोबांच्या गोष्टींत मीठमसाला असला तरी त्या खोट्या नव्हत्या. या माशाला वाहते, प्राणवायूने भरलेले, खडकाळ तळाचे पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध चढतो, उपनद्यांत शिरतो आणि गोट्यांच्या, वाळूच्या तळावर अंडी घालतो. धरणाने चढण्याची वाट अडते. जलाशयात पाणी थांबले की गोट्यांवर गाळ बसतो. त्यात पात्रातली वाळू उपसली जाते आणि उरलेल्या डोहांत जाळी लागतात. थांबलेल्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांचे बरे चालते, म्हणून जलाशयांत त्यांचेच बीज सोडतात. तेव्हा आपल्या मनातला मांडीएवढा बाडस गळाला लागण्याचा संभव फार थोडा आहे, हे धरूनच निघावे. लागलाच तर काय करावे ते तिसऱ्या पत्राच्या उत्तरात येईल. आपल्याला मिळालेले बोटभर मासे वर्णनावरून चिलवा वाटतात; चांदीच्या पातीसारखे हे मासे पाण्याच्या वरच्या थरात थव्याने फिरतात आणि मोठ्या माशासाठी लावलेली कणकेची गोळी बाजूबाजूने कुरतडून संपवतात. आपण दिवसभर त्यांना जेवू घातले.

कधी जावे हे कायद्याने अर्धे ठरवून दिले आहे. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ धरून नद्यांतली मासेमारी बंद असते, आणि ही बंदी जाळ्याला तशी गळालाही आहे. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नदीशी संबंध नसलेली लहान तळी तेवढी यातून वगळलेली आहेत. त्यानंतरही भाद्रपद संपेपर्यंत पाणी गढूळ आणि ओढीचे असते. मी स्वतः कोजागरी ते होळी हेच दिवस मानतो. उजाडल्यापासून दोन तास आणि सूर्य कलल्यापासून अंधार पडेपर्यंतचा वेळ खरा. मधली दुपार जेवण, झोप आणि जुनी भांडणे उकरून काढणे यांसाठी असते.

कोठे जावे, याचे उत्तर आधी ‘कोठे नाही’ असे द्यावे लागते. ओंकारेश्वर, मंडलेश्वर, महेश्वर येथील घाट सोडून द्यावेत. तेथे लोक माशांना कणकेच्या गोळ्या आणि लाह्या घालतात, परिक्रमावासी स्नानाला उतरतात, आणि ज्या माशाला एखादी म्हातारी हाताने भरवीत आहे त्याच माशासमोर आपण गळ सोडावा हे कायद्याच्या आधी सभ्यतेत बसत नाही. मोठी जलाशये राज्याच्या मत्स्य महासंघाकडे आणि अनेक तळी स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे दिलेली असतात; त्यांतला मासा त्यांचा असतो, म्हणून परवानगीशिवाय तेथे बसू नये. नदीकाठीही जिल्ह्याच्या मत्स्योद्योग कार्यालयात एकदा विचारून आणि गावातल्या केवटांना सांगून बसावे. त्यांना सांगितले की बहुधा चांगली जागाही तेच दाखवतात. इंदूरजवळच्या यशवंत सागर जलाशयावर काठ्या घेऊन जाणाऱ्यांना एक विनंती आहे. ते २०२२ पासून रामसर यादीतले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानलेले, पाणथळ क्षेत्र आहे, तेथे सारसासारखे पक्षी असतात, आणि झुडपात तुटून राहिलेला नायलॉनचा दोरा पक्ष्याच्या पायाला गुंडाळला की तो सुटत नाही.

मग उरते काय? बडवाहच्या परिसरात, घाटांपासून दूर, पाठीशी चढण असलेला नर्मदेचा काठ; आणि पाऊस चांगला झालेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास चोरलचे डोह. चोरल ही आपल्या सिमरोळच्या पलीकडच्या डोंगरातली नदी. ती बडवाहजवळ नर्मदेला मिळते. पात्र लहान, मासे लहान, पण काठावर सावली आहे आणि पाच जणांना पुरेल एवढा एकांत आहे. इंदुराहून भेरूघाट उतरून दीड-दोन तासांत बडवाह गाठता येते, म्हणून पहाटे साडेचारला निघावे. साडेचार ठरवले म्हणजे साडेपाचला निघाल, हे गृहीत धरले आहे.

सामानावर जास्त खर्च करू नका. सात-आठ फुटांची काठी, मध्यम रीळ, ज्याला कोकणात तंगूस म्हणतात तो नायलॉनचा दोरा, लहान आकाराचे डझनभर गळ, थोडे शिसे आणि बुचाचे तुकडे एवढे पुरे. गळ बांधताना गाठ आवळण्याआधी ती जिभेने किंवा पाण्याने ओली करावी. कोरडा दोरा स्वतःवरच घासून तापतो आणि तेथेच कच्चा होतो. ‘मोठा मासा तोडून गेला’ अशा ज्या कथा आपण ऐकतो, त्यांतल्या निम्म्या कोरड्या आवळलेल्या गाठींच्या असाव्यात. आमिषासाठी कणिक पोळीच्या कणकेपेक्षा पुष्कळ घट्ट भिजवावी, तिच्यात भाजलेल्या चण्याचे पीठ आणि किंचित गूळ घालावा आणि मळताना कापसाचे चार-सहा तंतू पिंजून मिसळावेत. तंतू असले की गोळी पाण्यात विरघळत नाही आणि चिलव्यांना ती सहजी कुरतडता येत नाही. काठावर उंबराचे झाड पाण्यावर झुकलेले असेल तर त्याच्याखाली बसावे. पाण्यात पडणारी उंबरे बाडसाला आवडतात, आणि तेथे उंबरच गळाला लावले तर कणकेची गरज नाही.

वळवाची लक्षणे दिसली तर काठी आधी खाली ठेवा. हल्लीच्या हलक्या काठ्या कार्बनच्या असतात आणि त्यांतून वीज वाहते; गडगडाटात ती उभी धरणे म्हणजे विजेला हात दाखवून बोलावणे. काठाजवळून विजेच्या तारा जात असतील तर तेथे गळ फेकूही नये. पाण्यात उतरून मासे साफ करू नयेत, कारण नर्मदेत मगरी आहेत. कोणी पाण्यात पडलाच तर त्याच्यामागे उडी टाकू नये. काठी पुढे करावी, दोर फेकावा, रिकामा पाण्याचा कॅन झाकण लावून फेकावा. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी वर्तमानपत्रातली बातमी आपण दर वर्षी वाचतो.

आणि उष्टे, पिशव्या, साफ केलेल्या माशांची घाण पात्रात टाकू नका. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदेचे जे पाणी येते ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उचलले जाते, आणि जलूद बडवाहच्या खाली आहे.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर गावाजवळच्या नदीच्या डबक्यात मासे धरायला गेला होता. गळ सोडवताना काळपट, मिशा असलेल्या एका माशाने त्याच्या तळहाताला काटा मारला. मित्रांनी त्याला हात गार पाण्यात धरून बसवले, पण रात्री उशिरापर्यंत तो तळमळत होता. तो मासा विषारी होता का? आणि उद्या माशाऐवजी गळच हातात रुतला तर मुलांनी काय करावे? — एक आई, देवास

उत्तर : वर्णनावरून तो शिंगी असावा. अंगावर खवले नाहीत, मिशांच्या चार जोड्या, रंग शिसवी काळपट, राहणे गढूळ डबक्यात. त्याच्या कल्ल्यांमागच्या दोन्ही परांना एकेक ताठ काटा असतो आणि त्या काट्याला विष असते. त्याने सहसा जिवाला धोका होत नाही, पण वेदना विंचवाच्या जातीच्या असतात. गार पाणी हा नेमका उलटा उपाय झाला. ते विष प्रथिनांचे असल्यामुळे उष्णतेने निकामी होते. म्हणून हात सोसेल तितक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि पाणी निवले की बदलावे. पाण्याचा चटका दुसऱ्या, चांगल्या हाताने आधी पाहावा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि वेदनेच्या जोडीला भाजणे येते. नदीवर चहाचे भांडे असतेच, त्यामुळे ही सोय अवघड नाही. नंतर जखम साबणाने धुवावी, धनुर्वाताची लस घ्यावी, आणि काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज चढत असेल किंवा श्वास लागत असेल तर थेट डॉक्टर गाठावा. असे मासे हातात धरूच नयेत. पकडीने गळ सोडवावा, नाही सुटला तर दोरा कापून टाकावा.

गळाबद्दल सांगायचे तर अनुभव माझ्याच अंगठ्यात आहे. गळाच्या टोकाला आतल्या बाजूने एक उलटा काटा असतो, तो आत जातो सहज आणि बाहेर येताना मांस धरतो. मी सतरा-अठरा वर्षांचा असताना चोरलच्या काठी तो माझ्या अंगठ्यात रुतला आणि एका धाडसी मित्राने ‘डोळे मीट’ म्हणून तो सरळ ओढला. गळ निघाला, सोबत जे निघाले त्याची खूण अजून आहे. त्या मित्राने पुढे औषधांचे दुकान काढले, हे येथे सांगितले पाहिजे. ओढू नये. दोरा गळापासून चार बोटांवर कापावा, गळ हलणार नाही असा पट्टीने बांधावा आणि डॉक्टरकडे जावे. ते जागा बधिर करून दोन मिनिटांत काढतात. डोळ्याला किंवा डोळ्याजवळ लागला असेल तर त्याला हात न लावता वर कागदी पेला उपडा ठेवून तो चिकटपट्टीने धरावा, म्हणजे दाब पडत नाही, आणि गाडी शहराकडे वळवावी.

याहून चांगला उपाय निघण्याआधी घरीच करता येतो. पकडीने प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करावा. मुले म्हणतील की मग मासे सुटतात. दोरा ताणलेला ठेवला तर फारसे सुटत नाहीत, आणि जो गळ माशाच्या ओठातून सहज निघतो तो मुलाच्या तळहातातूनही सहज निघतो.

प्रश्न : आमचे यजमान महिन्यातून एकदा मित्रांबरोबर नदीवर जातात. सासूबाईंनी नर्मदेची पायी परिक्रमा केली आहे. घरात मासे शिजत नाहीत आणि मासे धरणेही त्यांना मान्य नाही. यजमान म्हणतात, ‘आम्ही धरतो आणि सोडून देतो, त्यात पाप कसले?’ सोडलेला मासा खरोखर जगतो का? की ही नुसती समजूत आहे? — एक वाचिका, महू

उत्तर : पापाचा भाग मी सासूबाईंवर सोडतो, त्या पायी चालून आल्या आहेत, मी मोटारीने जातो. जगण्याचा भाग मात्र सांगता येतो. सोडलेला मासा जगतो की नाही, हे बहुतांशी तो बाहेर असतानाच्या एक-दोन मिनिटांवर ठरते.

माशाच्या अंगावर जो चिकट थर असतो तो त्याची कातडी राखतो. कोरड्या हाताने, टॉवेलाने किंवा तापलेल्या खडकावर ठेवून धरले की तो थर निघतो. त्या जागी बुरशी धरते आणि मासा सोडल्यानंतर काही दिवसांनी, आपण पाहायला नसताना, मरतो. म्हणून हात आधी ओले करावेत. कल्ल्यांत बोटे घालून उचलू नये. फोटोसाठी शेपटीला धरून लोंबकळवू नये, आणि त्याचे अंग तोलायला पोटाखाली दुसरा हात असावा. शक्य असेल तर मासा पाण्याबाहेर काढूच नये. गुडघ्यावर बसून पाण्यातच पकडीने गळ सोडवावा. गळ खोल घशात गेला असेल तर तो उकरून काढण्यापेक्षा दोरा तोंडाजवळ कापणे बरे. नंतर माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला हलके धरून ठेवावे, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहते. तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत सोडू नये. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि झुंजून थकलेला मासा सावरत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात ‘धरून सोडतो’ हे म्हणणे फारसे खरे नसते.

तीन वर्षांपूर्वी पौषात आमच्या एका मित्राच्या गळाला बाडस लागला. दोरा एकदम पन्नास हात गेला, रीळ किंचाळले, आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. काठाशी आणायला वीस मिनिटे लागली. मासा हातभर लांबीचा होता, म्हणजे बाडसांत पोरवयाचाच. जाड, मांसल ओठ, रुपयाच्या नाण्याहून मोठे खवले, एकेका खवल्याच्या कडेला सोनेरी झाक, पर तांबूस. त्याच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात आणि त्यांनी तो शिंपलेसुद्धा फोडतो, म्हणून त्याच्या तोंडात फार आत बोट घालू नये. फोटो काढायचा ठरला, पण ज्याच्याकडे फोन होता त्याचे हात ओले होते आणि फोन उघडेना. तोवर माशाने शेपटी मारली. चौघे आजतागायत त्या पाचव्याला बोलतात. राज्यमाशाचा फोटो नाही, पण मासा गेला तो ताठ गेला. यजमानांना एवढे विचारावे की ते काठावर पक्कड नेतात का. जो पक्कड नेत नाही त्याने ‘सोडून देतो’ म्हटले तर माझा विश्वास बसत नाही.

सोडण्याजोगा न राहिलेला मासा कधी तरी हाती येतोच. तो घरी आणण्याऐवजी शेजारी जाळे सुकवीत बसलेल्या केवटाच्या घरी द्यावा. तो हसून घेतो आणि पुढच्या वेळी चांगली जागा दाखवतो. आपल्या घरापुरता प्रश्न मग वासाचा राहतो. हातांना बेसन आणि लिंबाची फोड चोळली की वास जातो, कपडे मोटारीतच बदलावेत, आणि गळांची पेटी घरात न आणता गच्चीच्या जिन्याखाली ठेवावी. उरलेली कणिक मात्र पेटीतून आठवणीने बाहेर काढावी. ती तेथे आठ दिवस राहिली तर सासूबाईंना काही सांगावे लागत नाही.